चिमण्यासाठी बांधलेला कडुनिंब

चिमण्याचा डावा डोळा सुजला आहे हे आधी दिसलं ते कमलाक्षीबाईंना. पण तो आपण बरा करायचा असं ठरवलं त्यांच्या यजमानांनी, सेतुमाधवरावांनी, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं. बाईंवर सोडलं असतं तर त्यांनी चिमण्यापुढं चार कण्या टाकल्या असत्या, देवाला हात जोडले असते आणि चुलीतला जाळ सारखा करायला त्या आत निघून गेल्या असत्या.

सेतुमाधवराव तंजावुरात कालव्यांच्या कचेरीत हेडक्लार्क होते. कुठल्या फाट्याला किती पाणी सोडायचं हे ठरवणारे इंजिनियर वेगळे. पण आपण कागद पुढं सरकवला नाही तर कावेरी तिरुच्चीपाशीच खोळंबून राहील, अशी सेतुमाधवरावांची पक्की खात्री होती. ज्याच्या हुकमात नदी आहे त्याला चिमण्याचा डोळा म्हणजे किस झाड की पत्ती.

"डोळाच ना?" ते म्हणाले. "बोरिकची पूड, उकळून निवविलेलं पाणी, कापसाचा बोळा. त्यांत एवढं काय आहे?"

त्यात काय काय आहे हे त्यांना पुढच्या आठवड्याभरात कळायचं होतं.

तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, नवं भात घरी आलं की पहिल्या कणसांची जुडी वेणीसारखी गुंफून दाराशी टांगायची, ही त्या मुलखाची रीत. लक्ष्मी घरात येते, तिच्यातला वाटा चिमण्यांना. मानोजीअप्पा वीथीत सेतुमाधवरावांची ओसरी सगळ्यांत रुंद, म्हणून जुडीही सगळ्यांत मोठी, आणि तिच्याखाली पाण्याचं पसरट मातीचं भांडं. सकाळी तिथं चिमण्यांचा असा कलकलाट उसळे की शेजारच्या राममूर्तींना वर्तमानपत्र मनात वाचणं जमत नसे. पण त्रेसष्ट सालच्या मासी महिन्यात, म्हणजे तैच्या पुढच्याच महिन्यात, त्या कलकलाटात काहीतरी बिनसलं. पहिल्या चिमण्यामागोमाग आणखी काही चिमण्यांचे डोळे चिकटलेले दिसू लागले. एक बिचारी कणसावर बसायला म्हणून झेपावली ती खांबावरच आपटली. कमलाक्षीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

एरवी घरात एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण येत्या शुक्रवारी राजमला आणायचं होतं. राजम म्हणजे राजलक्ष्मी, त्यांची एकुलती एक लेक, तिरुच्चीला दिलेली. सीमंत झालं होतं, सातवा महिना संपत आला होता. शुक्रवार चुकला की आठवा लागणार, आणि आठव्यात गर्भारशीला प्रवास घडवायची छाती दोन्ही घरांत कुणाची नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. ते तिरुच्चीला झालं असतं तर विहीणबाई, वेंकूबाई, पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नामुंजीत पंगतीच्या मधोमध उभ्या राहून "बाळंतपण शेवटीं आम्हींच केलं हो" असं सगळ्यांच्या पानात वाढत गेल्या असत्या. कमलाक्षीबाईंनी लेकीसाठी खोली सारवून ठेवली होती, जुन्या साड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. अशा वेळी दारातल्या चिमण्या आंधळ्या व्हाव्यात हे त्यांना बरं लक्षण वाटेना.

पहिला सल्ला आला राममूर्तींचा. हे निवृत्त शास्त्र-शिक्षक, आणि निवृत्त झाल्यावर ज्यांना शिकवायचं ते विद्यार्थी हाताशी नाहीत, म्हणून ते शेजाऱ्यांना शिकवत. ते बोलत तमिळमध्ये. सेतुमाधवरावही त्यांना तमिळमध्येच उत्तर देत आणि मनातली टीका तेवढी मराठीत करत.

"रायर, हा मद्रास आय," राममूर्ती म्हणाले; तिकडे मराठी रावांना रायर म्हणतात. "डोळे येण्याची साथ. बघितलं की लागतो. तुम्ही त्याच्याकडे बघायचं नाही, त्यानं तुमच्याकडे बघायचं नाही."

"न बघता औषध कसं घालायचं?"

"काळा चष्मा."

सेतुमाधवरावांनी त्याच संध्याकाळी दोन काळे चष्मे आणले, एक स्वतःला, एक बाईंना. दुसऱ्या दिवशी पहाटे मोहिमेला सुरुवात झाली. टोपलीला काठी, काठीला दोरी, टोपलीखाली कण्या आणि खांबाआड काळा चष्मा लावलेले सेतुमाधवराव. काळ्या चष्म्यातून पहाटेच्या उजेडात चिमणी दिसत नाही, हा शोध त्यांना दोरी ओढल्यावर लागला. टोपलीखाली दूधवाल्याचा पाय सापडला. पुढच्या खेपेला चिमणी सापडली, पण तिचे दोन्ही डोळे लख्ख होते आणि तिनं त्यांच्या अंगठ्याला असा चावा घेतला की बोरिकचं पहिलं औषध सेतुमाधवरावांनाच लागलं. शेवटी तो मूळचा सुजलेला चिमणा स्वतःच दमून टोपलीशेजारी येऊन बसला, तेव्हा कमलाक्षीबाईंनी चष्मा काढून ठेवला, पदर टाकला आणि त्याला उचललं.

"मी धरिला त्याला," असं सेतुमाधवरावांनी कचेरीत सांगितलं. काळा चष्मा लावूनच सांगितलं, त्यामुळे मोठ्या साहेबांनी त्यांना जवळ बोलावून हळूच विचारलं, की घरी काही भांडण वगैरे झालं आहे काय आणि डोळ्याला लागलं आहे काय. सेतुमाधवरावांनी चष्मा काढून दोन्ही डोळे दाखवले. तो अपमान त्यांना संध्याकाळपर्यंत पुरला.

चिमण्याचा डोळा काही उघडेना. तेव्हा ते त्याला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "जनावर कोणतं?"

"चिमणा."

"मालक कोण?"

हा प्रश्न सेतुमाधवरावांना अपेक्षित नव्हता. ते म्हणाले, मालक नाही, तो येतो-जातो. कारकून म्हणाला, मालक नसलेलं जनावर मोकाट समजलं जातं आणि मोकाट जनावर कोंडवाड्यात जातं. सेतुमाधवराव स्वतः सरकारी माणूस. असल्या पेचातून कसं निघायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खाकरून सांगितलं, "मालक मी. लिहा, कोंबडी, लहान."

आतले डॉक्टर सुब्रह्मण्य मात्र शहाणे निघाले. त्यांनी ती लहान कोंबडी उजेडाकडे धरून पाहिली, हसले नाहीत, आणि म्हणाले, "डोळा धुता आहात ते चांगलं आहे, तसंच धुवा. पण खरी भानगड तुमच्या ओसरीवर आहे. सगळी पाखरं एकाच जुडीवर डोळे घासतात, एकाच भांड्यात चोची बुडवतात. थोडे दिवस ती जुडी उतरवा, भांडं उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात पालथं घाला. पाखरं पांगतील आणि साथही पांगेल. आणि हात साबणानं धुवा."

"काळा चष्मा?"

"तो उन्हात जाताना वापरा," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन जुडी उतरवायची गोष्ट काढताच कमलाक्षीबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"पोर पोटुशी आहे, येत्या शुक्रवारीं ह्याच दारांतून आंत यायची आहे, आणि तुम्हीं दाराची लक्ष्मी उतरवतां म्हणतां? मी उतरूं देणार नाहीं."

"अग, डॉक्टर सांगतो."

"डॉक्टराच्या दारीं कोंबडी बांधा जाऊन."

इथं राममूर्तींच्या पत्नी, कनकलता मामी, भिंतीवरून डोकावल्या. त्यांनी टोपलीतला चिमणा निरखून पाहिला आणि नवऱ्याचं सगळं शास्त्र एका वाक्यात निकालात काढलं. "अय्यो, हा मद्रास आय कुठला! पापणीवर पुटकुळ्या बघा ना. ही अम्मा आहे."

अम्मा म्हणजे मारिअम्मा. अंगावर देवी उठल्या की तिथं त्याला आजार म्हणत नाहीत, अम्मा घरी आली म्हणतात. मग दारावर कडुनिंब बांधायचा, घरात फोडणी द्यायची नाही, पाहुणा आत घ्यायचा नाही, घरच्या माणसानं गाव सोडायचं नाही. आणि फोड सुकले की हळदीचं पाणी घालून अम्माला निरोप द्यायचा. कमलाक्षीबाईंनी ऐकलं मात्र, कानांवर हात ठेवून पुन्नैनल्लूरच्या मारिअम्माला चांदीचे डोळे वाहीन म्हणून बोलून टाकलं. ते सोनारानं माणसाच्या मापाचे करायचे की चिमण्याच्या, हा प्रश्न नंतरसाठी ठेवण्यात आला.

आणि त्या क्षणी सेतुमाधवरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टरला जुडी खाली हवी. बायकोला दार मोकळं नको. अम्मा म्हटल्यावर दाराशी कडुनिंबच हवा. मग जुडी उतरवून तिथं कडुनिंब बांधला तर सगळेच खूश! मद्रास आणि म्हैसूरमधला कावेरीच्या पाण्याचा तंटा आपल्याकडे दिला असता तर तोही एका दुपारी मिटला असता, असं त्यांना मनापासून वाटलं. ते स्वतः स्टुलावर चढले. लहानसहान काम करायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी डहाळी न बांधता अर्धं झाड बांधलं.

"मी म्हटलं नव्हतं," खाली उतरून हात झाडत ते म्हणाले, "कीं ह्या घरांत कुठलीहि गोष्ट अडून राहात नाहीं?"

अडलं ते त्याच दुपारी, पानावर. सांबारात फोडणी नव्हती. रसमात नव्हती. भाजी उकडून तशीच वाढलेली.

"अम्मा चिमण्याला आली आहे," सेतुमाधवराव म्हणाले. "नेम त्यानं पाळावे."

"आपल्या घरचं भात खातो, आपल्या तुळईंत घरटं आहे. मग तो घरचा नव्हे काय?" बाईंनी विचारलं. बिनफोडणीचं सांबार म्हणजे काय चीज असते हे ज्यांनी खाल्लं नसेल त्यांना सांगून कळायचं नाही. सेतुमाधवराव जेवले आणि जेवण झाल्यावरही जेवायचेच राहिले.

त्या वर्षी गावात देवी टोचण्याची मोहीम जोरात होती. आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर सूर्यनारायण गल्लीबोळ पिंजून काढत होते. नोकरीत त्यांचे केस पिकले होते. लोक रोगी लपवतात, माळ्यावर लपवतात, भाताच्या कणगीत लपवतात. पण अम्माच्या भीतीनं दारावरचा कडुनिंब मात्र लपवत नाहीत, हे ते पुरतं ओळखून होते. खात्याच्या दोन माणसांसह मानोजीअप्पा वीथीच्या तोंडाशी सायकलवरून उतरताच त्यांना सेतुमाधवरावांचं अर्धं झाड दिसलं.

"रोगी कुठं आहे?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"टोपलीखाली," सेतुमाधवरावांनी खरं ते सांगितलं.

सूर्यनारायणांनी पुष्कळ ऐकलं होतं, पण टोपलीखाली कुणी ठेवलेलं ऐकलं नव्हतं. "किती लहान आहे?"

सेतुमाधवरावांनी मूठ दाखवली. इन्स्पेक्टर हळहळले. "आधी टोचलं होतं का?"

"त्याला कोण टोचणार?" सेतुमाधवराव म्हणाले. "डावा डोळा पार मिटलाय. उजवा उघडतो."

मागच्या माणसाला आणखी काही ऐकायची गरज वाटली नाही. त्यानं दाराच्या फळीवर खळीनं लाल अक्षरांची सूचना चिकटवली: ह्या घरात देवीचा रोगी आहे, परवानगीवाचून आत-बाहेर जाऊ नये. दुसरा माणूस सायकलवर टांग मारून वर कळवायला गेला. मग कमलाक्षीबाईंनी टोपली उचलली.

सूर्यनारायण बराच वेळ चिमण्याकडे पाहत राहिले. चिमण्यानंही एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं.

"रायर," इन्स्पेक्टर शेवटी म्हणाले, "एवढ्या मोठ्या कडुनिंबाखाली एवढासा रोगी? खरा कुठं आहे?"

त्यांनी घर धुंडाळलं. कोठीत पाहिलं, माळ्यावर पाहिलं, देवघरात बाहेरून पाहिलं, राजमसाठी सारवलेल्या खोलीत तर दोनदा पाहिलं. "ही खोली कुणासाठी तयार ठेवली आहे? ही दुपटी कुणाची?" सेतुमाधवरावांनी लेकीचं सांगितलं. सूर्यनारायणांनी ते ऐकून घेतलं, मानलं नाही.

"मग ती सूचना तरी काढा," सेतुमाधवराव आवाज चढवून म्हणाले. "मी हेडक्लार्क आहे."

"म्हणूनच तुम्हाला समजेल," इन्स्पेक्टर म्हणाले. "रोगी वर कळवला गेला आहे. कळवलेला रोगी एक तर बरा होतो, नाही तर जातो. तो चिमणा होता असं कळवायची सोय आमच्याकडे नाही. बरा झालेला रोगी दाखवा, सूचना मी स्वतःच्या हातानं काढतो."

सेतुमाधवरावांना ते खरोखरच समजलं, आणि तेच त्यांना जास्त लागलं. इन्स्पेक्टरांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटलं असतं.

त्या दुपारी सगळी वीथी टोचण्यात आली. राममूर्तींचा उजवा दंड भोपळ्यासारखा सुजला आणि फळ्यावर लिहून शिकवायला पुढं कुणी नव्हतं तरी ते "लिहायचा हात गेला" म्हणून कण्हत बसले. समोरच्या व्हायोलिनवाल्यांचं गज धरणं थांबलं. त्याबद्दल गल्लीतल्या काहींनी सेतुमाधवरावांचे मनातून आभार मानले, पण उघडपणे कुणी नाही. दूधवाला, ज्याचा पाय आधीच टोपलीत सापडला होता, तो आता कोपऱ्यावर भांडं ठेवून शीळ घाली आणि पळे. कचेरीतून शिपाई आला आणि रस्त्याच्या पलीकडून ओरडून सांगून गेला, "साहेब म्हणतात, येऊ नका!" ज्या माणसावाचून कावेरी अडते त्याला "येऊ नका," आणि तेही भर रस्त्यात. सेतुमाधवराव खिडकी लावून आत बसले. कावेरी वाहतच राहिली हे तर सर्वांत वाईट झालं.

पण खरी पाचावर धारण बसली ती शुक्रवारच्या विचारानं. राजमला आणायला जायचं कुणी? दारावर लाल अक्षरं, आत अम्मा, बाहेर इन्स्पेक्टर. सेतुमाधवरावांनी खिडकीतून राममूर्तींना गळ घातली, की तिरुच्चीला जाऊन एवढंच सांगा, आमच्या घरी देवी नाहीत, चिमण्याचा डोळा आहे. राममूर्तींनी निरोप अगदी चोख पोचवला, वर मद्रास आयवर छोटंसं व्याख्यानही दिलं. वेंकूबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि उलट निरोप धाडला, "देवी आल्या असतील तर आल्या म्हणून सांगावं. लपवायचंच तर माणसासारखं कांहीं लपवावं, चिमण्या कसल्या सांगतां? शुक्रवारपर्यंत दार मोकळं नसेल तर नातवंड इथंच होईल."

कमलाक्षीबाई तो निरोप ऐकून देवघरात जाऊन बसल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. सेतुमाधवराव दाराशी घुटमळले. स्टुलावर आपण चढलो होतो, आपण बांधलं होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. वाईट फार वाटलं त्यांना. पण वाईट वाटून घेत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते टोपलीजवळ गेले.

"ऐक," ते चिमण्याला म्हणाले. "तुला शुक्रवारच्या आंत बरं व्हायचं आहे. दुसरी वाट नाहीं."

आणि मग ह्या माणसानं त्या पाखराची जी सेवा केली ती खरोखर पाहण्यासारखी होती. हात साबणानं धुवायचे, पाणी उकळायचं, निववायचं, बोळा भिजवून डोळ्याच्या कडेनं हलकेच फिरवायचा, पुन्हा हात धुवायचे. काळा चष्मा कुठं गेला ते त्यांना आठवतही नव्हतं. आधी चिमणा चोच मारी, मग मारीनासा झाला. पुढं पुढं तर बोळा आला की तो मान वळवून तो डोळा पुढं करायला लागला, आणि सेतुमाधवरावांना त्याचं इतकं अप्रूप वाटलं की हेडक्लार्क झाल्याचा हुकूम आला त्या दिवशी देखील ते इतके हरखले नव्हते. बाहेर ओसरीवर जुडी नव्हती, भांडं उन्हात पालथं पडलं होतं. चिमण्या वीथीभर पांगल्या होत्या आणि सुजलेल्या डोळ्यांची पाखरं हळूहळू दिसेनाशी झाली होती. दोघं नवराबायको बिनफोडणीचं जेवत आणि टोपलीकडे पाहत. गुरुवारी सकाळी डोळ्यावरची खपली पडली. आत काळाभोर, ओला, शाबूत डोळा होता.

"कमला!" सेतुमाधवराव ओरडले. "त्यानं माझ्याकडे पाहिलं!"

शुक्रवारी सकाळी कमलाक्षीबाईंनी हळदीच्या पाण्याचे चार थेंब चिमण्यावर शिंपडून अम्माला निरोप दिला, आणि सूर्यनारायण आले. मधल्या दिवसांत ते अवेळी येऊन पुष्कळदा घर धुंडाळून गेले होते आणि दर वेळी त्यांना हीच दोन माणसं आणि हीच टोपली सापडली होती. त्यांनी चिमण्याला हातात घेतलं, डोळ्याची पापणी बोटानं वर करून पाहिली, पंखाखाली पाहिलं.

"बरा झाला आहे," ते म्हणाले, आणि सूचनेचा एक कोपरा नखानं उचकटला. तेवढ्यात दारात झटका, म्हणजे तिकडचा टांगा, येऊन थांबला.

झटक्यातून आधी उतरल्या त्या वेंकूबाई. राजमला दोन दिवस अन्न गोड लागत नव्हतं, माहेरी जायचं म्हणून ती टिपं गाळत होती. तेव्हा दार लांबून दाखवायचं, तिची समजूत पटवायची आणि दुपारच्या गाडीनं परत न्यायचं, असं ठरवून त्या आल्या होत्या. राजमला त्यांनी झटक्यातच बसवून ठेवलं. मग पदर खोचून त्या ओसरीसमोर उभ्या राहिल्या. अर्धं झाड बघितलं. लाल अक्षरं बघितली. खाकी कपड्यातला इन्स्पेक्टर बघितला. वीथीतली झाडून सगळी माणसं सुजलेले दंड धरून दारात येऊन उभी राहिली होती.

"विहीणबाई," सेतुमाधवरावांनी सुरुवात केली, आणि आयुष्यात प्रथमच काहीही न फुगवता सगळं सांगून टाकलं. जुडी, डॉक्टर, लहान कोंबडी, कडुनिंब, सगळं. अख्खी गल्ली ऐकत होती. दूधवाला कोपऱ्यावर हसला तेही त्यांनी ऐकलं, पण ते थांबले नाहीत. "आंत देवी नाहींत. होता तो हा," म्हणून त्यांनी सूर्यनारायणांच्या हातातल्या चिमण्याकडे बोट दाखवलं.

वेंकूबाई दोन पायऱ्या चढल्या, उंबऱ्याशी वाकल्या आणि घराचा खोल वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. हिंगाचा नाही, मोहरीचा नाही, जळालेल्या मिरचीचा नाही. जिचा जन्म चुलीपुढं गेला तिला कुठल्याही कागदापेक्षा हा दाखला मोठा.

"किती दिवस फोडणी नाहीं?" त्यांनी कमलाक्षीबाईंना विचारलं.

"कडुनिंब बांधला तेव्हांपासून. मोहरीच्या डब्याला हात लाविला नाहीं मी."

"आणि हे जेवले तसंच?"

"जेवले. कुरकुर केली, पण जेवले. डोळा तर ह्यांनींच धुतला, रोज."

आत तर निजलेलं-झाकलेलं कुणी नव्हतं. घरची दोन्ही माणसं धडधाकट समोर उभी होती. म्हणजे नेम पाळले गेले ते खरोखर चिमण्यासाठीच. सूर्यनारायणांनी मूठ उघडली. चिमणा क्षणभर तळहातावर बसला, मान इकडून तिकडे वळवून दोन्ही डोळ्यांनी त्यानं वीथी पाहून घेतली आणि भुर्रकन समोरच्या कौलांवर गेला. गल्लीतले लोक सुजलेल्या दंडांनिशी टाळ्या वाजवायला गेले आणि कळवळले.

वेंकूबाई सेतुमाधवरावांकडे वळल्या.

"दारच्या चिमण्याकरितां हेडक्लार्क माणूस इतके दिवस बिनफोडणीचं जेवला," त्या म्हणाल्या. "माझा लेक स्वतःच्या पोराकरितां जेवेल कीं नाहीं, मला शंका आहे." मग झटक्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "राजम, सावकाश उतर ग. इथंच होऊं दे."

राजम उतरली. कमलाक्षीबाईंनी तिच्यावरून तांदूळ-पाणी ओवाळून टाकलं, तिला पोटाशी धरलं आणि दोघी रडल्या. सेतुमाधवराव स्टूल शोधत होते, कडुनिंब उतरवायला. ते समोरच असून त्यांना दिसत नव्हतं, कारण त्यांचेही डोळे भरले होते.

"विहीणबाई, तुम्हींहि आंत या," कमलाक्षीबाई म्हणाल्या. "आज फोडणी आहे." आणि ती घालायला त्या आत धावल्या.

"थांबा," सूर्यनारायण म्हणाले. नोकरीतला माणूस, सूचना निघाली तरी खातं काही निघून जात नाही. "ह्या घरात आज जाणाऱ्याच्या दंडावर टोचल्याची खूण हवी." राजमनं शाळेतली खूण दाखवली. वेंकूबाईंच्या दंडावर काहीच नव्हतं. देवी टोचणाऱ्यांना त्यांनी तिरुच्चीत जन्मभर मागच्या दारानं चकवलं होतं. इथं मागचं दार कुठं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला होता.

त्यांनी डोळे गच्च मिटले आणि हात पुढं केला. "टोचा. पण सांगून ठेवतें, हात सुजतो काय तें बघेपर्यंत मी हलणार नाहीं. सुजला तर उतरेपर्यंत इथंच राहीन. आणि मग एवढं राहिलें म्हणजे बाळंतपण करूनच जाईन."

"छे हो विहीणबाई," सेतुमाधवराव स्टुलावरून म्हणाले. कडुनिंब त्यांच्या हातात होता आणि सगळा आत्मविश्वास परत आला होता. "कांहीं सुजत बिजत नाहीं. मी सांगतों ना."

हात कोपरापर्यंत सुजला.